मूनस्टोन : वादीची साक्ष राहून गेलेला खटला

ज्या कादंबरीचे पहिले प्रकरण तिच्या पुढील शेकडो पानांहून मोठे ठरावे, अशी उदाहरणे वाङ्मयात फार आढळत नाहीत. विल्की कॉलिन्स याची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी त्यांपैकी एक होय. चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून १८६८ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत ती क्रमशः प्रसिद्ध झाली. इंग्रजी रहस्यकथेची गंगोत्री म्हणून तिचा गौरव केला जातो, टी. एस. एलियटसारख्या चोखंदळ समीक्षकानेही तिला या प्रकारात आद्यत्वाचा आणि श्रेष्ठत्वाचा मान दिलेला आहे. आम्ही ती प्रथम वाचली ती विधी महाविद्यालयात असताना, परीक्षेच्या पुस्तकाखाली लपवून. आणि गेल्या चातुर्मासात ती पुन्हा हाती घेतली. पहिल्या वेळी चोर कोण या उत्कंठेने आम्ही झपाटलेले होतो. दुसऱ्या वेळी चोर ठाऊक होता, आणि ती उत्कंठा निघून जाताच तिच्याखाली दडलेला दुसराच प्रश्न वर आला : हिरा कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधीत आम्ही शेवटच्या पानापर्यंत गेलो, आणि फसवले गेल्याच्या भावनेने पुस्तक मिटले. ही भावना रास्त आहे की वकिलाच्या चिकित्सक स्वभावाची खोड आहे, याचा निवाडा वाचकांनी करावा.

कथेचा आरंभ पाहावा. सोमनाथाच्या देवालयात चंद्रदेवाच्या ललाटावर एक पिवळा हिरा आहे. गझनीच्या महमुदाची धाड येते तेव्हा तीन ब्राह्मण तो वाचवून काशीस नेतात. तेथे विष्णू त्यांना स्वप्नात दृष्टांत देतो की, आजपासून तिघा ब्राह्मणांनी अहोरात्र, पिढ्यान्‌पिढ्या, काळाच्या अंतापर्यंत या रत्नाची राखण करावी. पुढे औरंगजेबाचा एक सरदार ते हिसकावतो, तेथून ते हस्तांतरित होत होत टिपू सुलतानाकडे येते आणि खंजिराच्या मुठीत बसवले जाते. पण प्रत्येक पिढीतील तिघे वेष पालटून त्याच्या मागावर असतातच. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडते. त्या गर्दीत हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी राखणदारांचे मुडदे पाडून हिरा घेतो, आणि मरता मरता तिसरा राखणदार त्याला शाप देतो.

अवघ्या काही पानांत आठशे वर्षे! देवाची वस्तू, तिच्यासाठी वंशपरंपरेने सर्वस्व वाहिलेली माणसे, आणि एकामागून एक तीन सत्तांची लूट. यापेक्षा समर्थ बीज कोणत्या कादंबरीकाराला मिळाले असेल? आता रत्न समुद्रापार गेले, राखणदारही जाणार. समुद्रोल्लंघनाने जात जाणार हे त्यांना ठाऊक आहे, तरी ते जाणार.

आणि मग काय घडते? मग आपण यॉर्कशायरमधील एका बागेच्या घरात जाऊन बसतो, आणि जवळजवळ अखेरपर्यंत तेथून किंवा लंडनच्या दिवाणखान्यांतून उठत नाही.

हर्नकॅसलने मृत्युपत्राने हिरा आपल्या भाचीला, रेचल व्हेरिंडरला, दिला आहे. २१ जून १८४८ रोजी, तिच्या वाढदिवशी, तो तिच्या हाती पडतो आणि त्याच रात्री तिच्या खोलीतील कपाटाच्या खणातून नाहीसा होतो. गारुड्यांच्या वेषात तीन हिंदी माणसे अंगणात येऊन गेलेली असतात. साहजिकच संशय त्यांच्यावर जातो. त्यांनी चोरी केली नाही हे उघड होते, तरीही भटके व संशयित इसम म्हणून त्यांना आठवडाभर तुरुंगात डांबले जाते. कायदा हवा तसा ताणून हे केले गेले, हे निवेदन करणारा म्हातारा कारभारी बेटरेज गमतीने सांगतो. गुलाबांचा शौकीन सार्जंट कफ येतो. दाराच्या ओल्या रंगाला लागलेला डाग, नाहीसा झालेला रात्रीचा पोशाख, प्रेमभंगाने रुतत्या वाळूत जीव देणारी रोझॅना ही मोलकरीण, हे सारे कॉलिन्सने अशा हातोटीने गुंफले आहे की पुढील दीडशे वर्षांतील रहस्यकथाकारांनी त्याच्याच कपाटातील कपडे वापरले असे म्हणावे लागते. आमच्या बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांवर ज्यांचे बालपण पोसले, त्यांनाही हे घर परके वाटणार नाही. अखेर उलगडा होतो तो असा : रेचलवर प्रेम करणाऱ्या फ्रँकलिन ब्लेकने, डॉक्टरने नकळत पाजलेल्या अफूच्या अर्काच्या अमलात, हिरा सुरक्षित ठेवण्याच्या काळजीपोटी तो खणातून काढला, आणि गॉडफ्रे एबलव्हाइट या परोपकाराचे सोंग घेतलेल्या गृहस्थाने तो हडप करून सावकाराकडे गहाण टाकला.

अफूबद्दल एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. आम्ही माळव्यात राहतो. ज्या काळी ही कथा घडते त्या काळी माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात होती, आणि उज्जैन ही तिची एक मोठी पेठ होती. आजही मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते. वर्षभरानंतर पुन्हा मात्रा देऊन माणसाकडून त्या रात्रीचीच कृती पुन्हा करवून घेता येते, यावर आमच्या भागातला कोणी सहज विश्वास ठेवील असे वाटत नाही. कॉलिन्स स्वतः संधिवाताच्या वेदनांवर अफूचा अर्क घेत असे, तेव्हा त्याचा अनुभव आमच्याहून अधिक. तो मुद्दा आम्ही सोडून देतो. तथापि देवाच्या हिऱ्याच्या चोरीचे उत्तर ‘औषधाच्या गुंगीत घडले’ हे असावे, म्हणजे आठशे वर्षांच्या अपराधाला कोणीच जबाबदार नसावे, ही सोय मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वकिलाच्या भाषेत सांगायचे तर या कादंबरीत न्यायालयाने मुद्देच चुकीचे काढले आहेत. दावा एक आणि निकाल भलत्याच गोष्टीचा! प्रस्तावनेत दावा दाखल होतो तो मालकीचा. मधल्या सर्व पानांत चौकशी चालते ती एवढीच की, अमुक रात्री खणातून वस्तू कोणी हलवली. रेचलला ती वस्तू देण्याचा हर्नकॅसलला अधिकार होता काय, हा प्रश्न क्षणभर डोकावतो आणि प्रेमप्रकरणाच्या गर्दीत हरवतो. बेटरेज तर उलटीच तक्रार करतो : आमच्या शांत इंग्रज घरावर एका हिंदी हिऱ्याने स्वारी केली! ज्याच्या देवालयावर खरोखर स्वारी झाली त्याने हे ऐकावे तरी कसे?

हे अधिक खटकते ते कादंबरीच्या घडणीमुळे. कॉलिन्स हा स्वतः कायदा शिकलेला. १८५१ साली त्याला बॅरिस्टरची सनद मिळाली, जरी त्याने कधी वकिली केली नाही. आपल्या कादंबरीची मांडणी त्याने साक्षीपुराव्याप्रमाणे केली आहे. प्रत्येकाने स्वतः पाहिले तेवढेच सांगायचे, ऐकीव सांगायचे नाही. कारभारी बेटरेज सांगतो, धर्मवेडी मिस क्लॅक सांगते, वकील ब्रफ सांगतो, ब्लेक, एझ्रा जेनिंग्ज, डॉक्टर, सार्जंट कफ, इतकेच काय, जहाजाचा कप्तानही जबानी देतो. या सर्व साक्षीदारांत एकच मनुष्य नाही : वादी. तिघा ब्राह्मणांपैकी एकालाही पिंजऱ्यात उभे केलेले नाही. त्यांना नावेदेखील नाहीत.

एकदा मात्र त्यांच्यातील प्रमुख बोलतो, आणि तो प्रसंग आम्हांला या पुस्तकातील सर्वांत विलक्षण वाटला. कर्ज मागण्याच्या निमित्ताने तो वकील ब्रफच्या कचेरीत येऊन बसतो. उत्तम इंग्रजी, निर्दोष शिष्टाचार, वेळेची कदर. कर्ज मिळणार नाही असे समजल्यावर तो जाता जाता एकच प्रश्न विचारतो : या देशात गहाण सोडवण्याची मुदत साधारणतः किती असते? ब्रफ सांगतो, एक वर्ष. पाहुणा नमस्कार करून निघून जातो. ज्याचा दावा आठशे वर्षांचा, तो वर्षाची मुदत विचारून घेतो! एका वकिलासमोर खरा पक्षकार बसला आहे, आणि त्याला ‘तुमचे म्हणणे काय?’ असे वकील विचारीत नाही. तो केवळ त्याच्या वागणुकीची तारीफ करतो. कॉलिन्सच्या हाताशी येथे सोन्याचा क्षण आला होता. त्याने तो कथानकाची एक खुंटी म्हणून वापरला आणि पुढे गेला. पण मुदतीच्या कायद्याचा विचार केला तर, पिढ्यान्‌पिढ्या पाठलाग करून हक्क क्षणभरही न सोडणाऱ्या या तिघांनी आपला दावा जितका जिवंत ठेवला, तितका आमच्या पाहण्यातील कोणत्याही अशिलाने ठेवलेला नाही.

वादीला न ऐकल्याचा परिणाम तपशिलांतही दिसतो. सोमनाथ म्हणजे चंद्रदेव नव्हे; सोमाचा नाथ तो सोमनाथ, म्हणजे शिव, आणि तेथे लिंग आहे. चार हातांची, ललाटावर रत्न धारण करणारी चंद्रमूर्ती तेथे कॉलिन्सच्या कल्पनेतच होती. बारा ज्योतिर्लिंगांतील पहिले नाव ते हेच, हे आमच्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. कथेच्या अखेरीस, १८५० साली, प्रभासपट्टणच्या परिसरात उघड्यावर उत्सव दाखवला आहे. वस्तुतः त्याच्या पुष्कळ आधी, १७८३ साली, अहल्याबाई होळकरांनी जुन्या भग्न मंदिराजवळ नवे देवालय बांधून सोमनाथाची पूजा चालू केलेली होती. आमच्या माळव्यातून, महेश्वराहून राज्य चालवणाऱ्या बाईने जे करून ठेवले त्याची त्या लंडनच्या लेखकाला वार्ता नव्हती.

परंतु सोमनाथाच्या लुटीविषयी लंडनमध्ये काहीच ठाऊक नव्हते असेही नाही. १८४२ साली गव्हर्नर-जनरल एलेनबरो याने गझनीहून काही दरवाजे आणवले आणि हे सोमनाथाचे दरवाजे आम्ही परत आणले, असा जाहीरनामा काढला. पुढे त्यांचे लाकूड चंदनाचे नसून देवदाराचे असल्याचे उघड झाले. पार्लमेंटात त्याची टर उडवली गेली. आणि ते दरवाजे आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले. कॉलिन्स तेव्हा अठरा वर्षांचा होता. आमच्या उज्जैनीतही अशी एक कथा आहे. माधवनगरातून जुन्या शहरात गेले की बायजाबाई शिंदे यांनी बांधलेले गोपाळ मंदिर लागते. त्याच्या गाभाऱ्याचे रुपेरी दरवाजे सोमनाथाचे, गझनीहून लाहोरला गेलेले आणि महादजी शिंद्यांनी परत आणलेले, असे परंपरा सांगते. इतिहासाच्या कसोटीवर ती किती उतरेल हा वेगळा प्रश्न आहे. पण त्या दरवाजांपुढे उभे राहिले की लोक एकच गोष्ट बोलतात : गेलेले परत आले. परत येण्याची ही ओढ हाच ‘मूनस्टोन’चा खरा विषय असायला हवा होता.

कॉलिन्सने आपल्या प्रस्तावनेत दोन हिऱ्यांचा आधार सांगितला आहे : रशियाच्या राजदंडातील हिरा आणि कोहिनूर. आमच्या मते त्याला तिसरा, याहून जवळचा आधार उपलब्ध होता, आणि तो महाराष्ट्रातील होता. नाशिकचा हिरा, जो जगात ‘नासाक’ या अपभ्रष्ट नावाने ओळखला जातो, तो त्र्यंबकेश्वराचा, असे परंपरा मानते. तेही बारांतील एक ज्योतिर्लिंग. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाचा पाडाव झाल्यावर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला आणि दख्खनच्या लुटीचा भाग म्हणून लंडनला पोहोचला. तेथे रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी त्याला नवे पैलू पाडले. १८३७ मध्ये तो लिलावात वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेतला. विसाव्या शतकात तो अमेरिकेत गेला तेव्हा ही वस्तू पुरातन कलाकृती आहे काय, यावर जकातीच्या न्यायालयात वाद झाला. जकात किती, हे न्यायालयाने पाहिले. देव कोणता, हे पाहण्याचे त्याला कारण नव्हते. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये पुन्हा पैलू पाडून तो ४३.३८ कॅरटचा उरला. ‘मूनस्टोन’मध्ये धमकी असते की हिऱ्याचे तुकडे केले तर त्याची ओळख नाहीशी होईल. येथे ते प्रत्यक्ष घडले, खून न होता, रीतसर पावत्या देऊन.

त्या काळच्या कायद्याने यावर काय म्हटले असते, हेही आपण जाणतो. पेशव्यांचे खजिनदार नारोबा औटी यांच्याकडील संपत्ती इंग्रजांनी पुण्यात जप्त केली होती. तो वाद एल्फिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद या नावाने प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला, आणि १८३० साली असा निर्णय झाला की, युद्धाच्या ओघात झालेल्या जप्तीची दाद दिवाणी न्यायालयात मागताच येत नाही. म्हणजे कॉलिन्सचे तिघे ब्राह्मण खरोखरच ब्रफकडे वकीलपत्र घेऊन गेले असते, तर ब्रफने त्यांना हाच निवाडा दाखवून नम्रपणे दाराकडे नेले असते. या एका प्रसंगातून केवढी कादंबरी उभी राहिली असती! न्यायालयाचे दार बंद म्हणून माणूस उशीने तोंड दाबण्यापर्यंत कसा जातो, याची ती कथा झाली असती. पुस्तकात गॉडफ्रेचा तसाच खून होतो. पण खुन्यांच्या मनात काय होते ते आपल्याला कळत नाही.

येथे आमच्या वाचकांपैकी कोणी केवळ इंग्रजांवर बोट ठेवील, तर आम्हांला एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. त्र्यंबकेश्वराचा हिरा इंग्रजांनी पेशव्यांकडून घेतला खरा; पण देवाच्या अंगावरून तो पेशव्यांच्या जामदारखान्यात कसा आला, हे आपणही विचारीत नाही. १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, शारदेच्या मूर्तीची विटंबना झाली, आणि तिच्या पुनःप्रतिष्ठेसाठी मदत पाठवली ती टिपू सुलतानाने. कॉलिन्सच्या प्रस्तावनेत टिपू हा केवळ लुटारूंच्या साखळीतील एक कडी आहे. खरा इतिहास त्या कादंबरीहून अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि आपण सांगतो त्या गोष्टीहूनही.

तरीही, त्या तिघा राखणदारांची गोष्ट आतून कोणी सांगू शकले असते तर ते आमच्याच वाचकांच्या पूर्वजांनी. पोर्तुगीजांच्या अमलात साष्टीतील देवालये पडू लागली तेव्हा, १५६० च्या सुमारास, कुशस्थळीचा मंगेश अघनाशिनी ओलांडून प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. ज्यांनी ते देव वाहून नेले त्यांनी कोणती भाषणे केली नाहीत. घर, कुळागर, शेत मागे टाकून ते नदीपलीकडे गेले आणि परक्या गावात नंदादीप लावला. पुढे त्याच समाजातील एक पुरुष, रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर, राणोजी शिंद्यांचे दिवाण म्हणून माळव्यात आले आणि त्यांनी आमच्या महाकाळाचे देऊळ पुन्हा उभारले; ज्या समाजाने आपले देव हलवले, त्याच समाजातील माणसाने दुसऱ्या देशी भग्न देवालय बांधावे, याचे आम्हांला दर्शनाला जाताना अनेकदा नवल वाटते. अशा माणसाला राखणदारी म्हणजे काय हे विचारले असते, तर शाप, गारुड आणि खंजीर यांपैकी काहीच त्याच्या तोंडी आले नसते. रोजच्या नैवेद्याचा खर्च, पुजाऱ्याचे पोट, पावसाळ्यात गळणारे छप्पर, असेच काही आले असते. कॉलिन्सच्या ब्राह्मणांना घर नाही, मूल नाही, भूक नाही. पिढ्यान्‌पिढ्या राखण चालते म्हणजे कोणाच्या तरी घरी मुलगा वाढत असतो आणि एक दिवस बाप त्याला सांगतो की आता तुझी पाळी. हे वाक्य या पुस्तकात कोठेही नाही.

कोणी म्हणेल की १८६८ च्या लेखकाकडून एवढी अपेक्षा अन्यायाची आहे. देव न्यायालयात उभा राहतो ही कल्पना त्याला सुचणार कशी? परंतु कादंबरीकाराचे काम कायद्याच्या मागून चालणे नव्हे. कायदाही पुढे तेथवर आलाच. १९२५ साली मल्लिक प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असून तिची इच्छाही विचारात घेतली पाहिजे, असे मान्य केले. आणि त्याच लंडन शहरात, तंजावर भागातील पत्तूर गावी १९७६ साली जमिनीत सापडलेली व चोरवाटेने परदेशी गेलेली नटराजाची मूर्ती, एका कॅनेडियन कंपनीच्या ताब्यातून सोडवण्यासाठी तेथील देवालयाने दावा मांडला. खालच्या न्यायालयाने तर शिवलिंगालाही दावेदार मानले होते; १९९१ साली अपील न्यायालयाने देवालयाचा हक्क मान्य केला, आणि नटराज घरी आला. ब्रफच्या कचेरीत बसलेला तो सभ्य अनोळखी गृहस्थ सुमारे दीडशे वर्षांनी खटला जिंकला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता कॉलिन्सच्या बाजूने जे म्हणायचे ते मोकळेपणाने म्हणतो. १८५७ नंतरच्या इंग्लंडात, जेव्हा खुद्द डिकन्सची हिंदी माणसांविषयीची भाषा संतापाने बेभान झाली होती, तेव्हा कॉलिन्सने चोर इंग्रज ठेवला, ढोंगी इंग्रज ठेवला, आणि हिरा परत पाठवला. तिघे ब्राह्मण पकडले जात नाहीत, फासावर जात नाहीत. त्या काळी हे लहान धैर्य नव्हते. शिवाय एझ्रा जेनिंग्ज हे मिश्र रक्ताचे, सर्वांनी दूर लोटलेले पात्र त्याने ज्या करुणेने रंगवले आहे, त्यावरून तो परक्याच्या मनात शिरू शकत होता याबद्दल शंका राहत नाही. म्हणूनच दोष अज्ञानाचा कमी आणि कचरण्याचा अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

याचा पुरावा उपसंहारात आहे. मर्थवेट नावाचा प्रवासी वेष पालटून काठेवाडात यात्रेकरूंच्या गर्दीत मिसळतो. चांदण्यात हजारो लोक स्तब्ध उभे आहेत. ते तिघे एका खडकावर येतात. समुद्र ओलांडून आणि देवासाठी पाप करून त्यांनी आपली जात गमावली आहे. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी तीन दिशांना तीर्थाटनास निघायचे, आणि पुन्हा कधी एकमेकांचे तोंड पाहायचे नाही. ते एकमेकांना आलिंगन देतात. गर्दी दुभंगते आणि तिच्यातून ते तीन वाटांनी निघून जातात. मग पडदा सरतो आणि देवाच्या ललाटावर तो पिवळा हिरा दिसतो. हे लिहिले गेले ते १८५० सालच्या घटनेबद्दल; आणि नेमक्या त्याच वर्षी, वास्तवात, कोहिनूर लंडनला राणीच्या हाती पोहोचत होता. कॉलिन्सला हा योग ठाऊक असणारच.

ज्यांना हे पुस्तक वाचायचे असेल त्यांना आमची एक सूचना आहे. प्रस्तावना वाचून होताच मधली सर्व पाने सोडून सरळ मर्थवेटचे पत्र काढावे, आणि मग सावकाश यॉर्कशायरच्या त्या घरात यावे. बेटरेजचे विनोद तेव्हाही हसवतील. फक्त अंगणात गारुडी येतील तेव्हा त्यांच्याकडे थोडे अधिक वेळ पाहावे. कारभारी त्यांना हाकलून दार लावून घेईपर्यंत.